घडीची गाडी आणि मनोरीची वाळू

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हा लेख मनोरीच्या, म्हणजे मुंबईतच मालाडच्या खाडीपलीकडच्या समुद्रकाठच्या गावाच्या, सहलीचा आहे, पण त्यात निम्मी जागा एका घडीच्या गाडीने खाल्ली आहे. सहलीतही तिने तेच केलं.

माझा आतेभाऊ, आमचा दादा, गेली बावीस वर्षं अमेरिकेत ओहायोत आहे. या जानेवारीत तो सहा आठवडे आमच्याकडे दादरला होता. आल्या दिवसापासून त्याच्या तोंडी एकच विषय: त्याच्या घरचा घडीचा ट्रेलर. चार फूट रुंद, आठ फूट लांब, मोटारीच्या मागे जोडायचा. काम झालं की मधोमध दुमडायचा, छोट्या चाकांवर उभा करायचा आणि गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवायचा. बागेची माती, गादी, जुनं फ्रिज, उन्हाळ्यात तंबू-शेगडी, सगळं त्यातून जातं. तळाची प्लायवूड मात्र वेगळी विकत आणून स्वतः बसवावी लागते. प्लायची अख्खी शीट चार बाय आठचीच असते, त्यामुळे कापाकापी फारशी नाही. हे तो इतक्या कौतुकाने सांगायचा की आमच्या आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आधी वाटलं तो मुलाबद्दल बोलतोय.

"तुम्ही पण घ्या एक," दादा म्हणाला.

कुठे ठेवू? आमची इमारत जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. खालच्या चौकात तीन मोटारी, सात स्कूटर आणि गणपतीच्या मांडवाचे बांबू. शिवाय आपल्याकडच्या १९८८च्या मोटार वाहन कायद्यात मोटारीने ओढायचा ट्रेलर हा स्वतःच एक वाहन धरलेला आहे, म्हणजे त्याची नोंदणी आली, नंबर आला. आणि खरं सांगायचं तर मुंबईत सामान ओढायला माणूस स्वतःचं काही ठेवत नाही. हातगाडी आहे, हमाल आहे, जास्तच असेल तर छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो, बोलवायचा.

दादा गप्प बसला. चार दिवसांनी दारात एक खोकं आलं. आत ट्रेलरचं शेंडेफळ: हाताने ओढायची, घडी होणारी, चार चाकांची कापडी गाडी.

शुक्रवार: दादरच्या बाजारात रंगीत तालीम

घडी केलेली गाडी साधारण पाऊण मीटर उंच आणि वीतभर जाड होते. वजन दहा किलो. मधला पट्टा धरून वर ओढला की पाइपांची कैची मिटते, दोन्ही बाजूने दाबलं की उघडते. खोक्यावर ८० किलो भार लिहिलेला. आईंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "बाबागाडी आणलीस होय रे? आता कोणासाठी?"

मनोरीला जायचं शनिवारी ठरलं होतं, म्हणून शुक्रवारी पहाटे तालीम. पावणेसहाला मी आणि दादा स्टेशनजवळच्या भाजीबाजारात. त्या वेळी तिथे पायाखाली कोबीची पानं, ओला पाला आणि झेंडूच्या पाकळ्या यांचा लगदा असतो. त्यात आमची निळी गाडी. एक मटारवाला म्हणाला, "ताई, बाळ कुठाय?" म्हणजे आई एकट्या नव्हत्या.

बटाटे दहा किलो, कांदे दहा, मटार पाच, दोन नारळ, मेथीच्या चार जुड्या. एरवी एवढं घ्यायचं तर मी टॅक्सी केली असती किंवा घेतलंच नसतं. गाडी सपाट डांबरावर एका बोटाने चालत होती. पण पदपथावर चढवायची म्हटलं की पुढची चाकं अडायची, आणि पेव्हर ब्लॉकवर सगळी गाडी दात वाजवल्यासारखी खडखडायची. दादरच्या पदपथांवरून पन्नास मीटर सलग सपाट जाता येत नाही, हे मला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं ते गाडीने दहा मिनिटांत शिकवलं. शेवटी आम्ही रस्त्याच्या कडेने, हातगाडीवाल्यांच्या मागोमाग चालू लागलो.

तिथे दादा थबकला. समोर एक हातगाडीवाला पोती चढवत होता. चार पोती टाकली, दांडा उचलून पाहिला, एक पोतं हातभर पुढे सरकवलं, पुन्हा दांडा उचलला आणि निघाला. दादा हरखला. ट्रेलरचा पहिला नियम हाच, म्हणाला: साठ टक्के वजन आसाच्या पुढे ठेवायचं. मागे जास्त झालं की वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि मोटारीलाही घेऊन जातो. हे त्याला तिकडे पुस्तिका वाचून कळलं होतं. हातगाडीवाल्याने दांड्याच्या वजनावरून ओळखलं.

खरी परीक्षा घरी आल्यावर. तीन मजले, सहा जिने. भरलेली गाडी जिन्यावरून नेणं म्हणजे दोघांची कंबर आणि एका गाडीचा आस. दोन पायऱ्यांतच नाद सोडला आणि सामान हाताने तीन खेपांत वर नेलं.

त्यावरून शिकलेली गोष्ट पुढे दोन दिवस कामी आली, म्हणून इथेच सांगते. गाडीत सामान सुटं भरायचं नाही. पिशव्या भरायच्या आणि पिशव्या गाडीत ठेवायच्या. प्रत्येक पिशवी एका माणसाला एका हाताने जिना चढवता येईल एवढीच. मुंबईत गाडी सपाटीपुरती. दर दहा मिनिटांनी जिना, पूल, बस नाहीतर होडी येते आणि तिथे गाडी हे आणखी एक ओझं होतं.

शनिवार: दादर, मालाड, मार्वे, मनोरी

दादाकडे विमानाच्या बॅगा तोलायचा काटा होता. त्याने आदल्या रात्री सगळं वजन करून कागदावर मांडलं: तंबू ६, पथाऱ्या-चादरी ९, शेगडी-भांडी ८, शिधा ११, पाणी १०, बॅट-स्टंप वगैरे २. एकूण ४६ किलो, पाच पिशव्या. पाणी कशाला, मनोरीला पाणी नाही का, असं मी विचारलं. कॅम्पिंगला पाणी न्यायचं असतं, असं उत्तर मिळालं.

सकाळी सातची बोरिवलीकडे जाणारी स्लो लोकल. शनिवारी त्या वेळी त्या दिशेला गर्दी नसते, दाराशेजारी घडी उभी राहिली. मालाडला उतरून पूल चढलो. नवऱ्याने गाडी काखेत मारली, बाकीच्यांनी पिशव्या. लेक अकरा वर्षांची, तिच्या वाट्याला बॅट आणि तक्रारी. स्टेशनबाहेरून २७२ नंबरची बस मार्वेला जाते. कंडक्टरने घडीकडे पाहून विचारलं, "व्हीलचेअर?" नवरा उगाच हो म्हणाला आणि मार्वेपर्यंत जरा लंगडला.

मार्वेला पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते आणि खाडी काठोकाठ भरत आली होती. हा योगायोग नव्हता. माझे आजोबा अलिबागचे. त्यांचा हिशेब: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. शनिवारी पौषातली चतुर्दशी, चौदाची पाऊणपट साडेदहा. भरतीला होडी धक्क्याच्या वरच्या टोकाशी लागते, म्हणजे उतार कमी चालावा लागतो. मार्वेहून मनोरीला जाणाऱ्या होडीत माणसांबरोबर स्कूटर, मोटारसायकली, मासळीच्या टोपल्या, सगळं जातं. गाडी उघडून, पिशव्या भरून, आम्ही सरळ आत ओढत नेली. दोन ॲक्टिव्हांच्या मधे ती अगदी शोभून दिसत होती. पैलतीर दहा मिनिटांवर.

पलीकडे रिक्षा होत्या. दादा म्हणाला, चालू. मनोरीच्या धक्क्यापासून गाव दोनेक किलोमीटर. आणि इथे, चांगल्या डांबरी रस्त्यावर, एका बाजूला खारफुटी आणि दुसऱ्या बाजूला ताडाची झाडं, गाडीने पहिल्यांदा आपली किंमत वसूल केली. ४६ किलो मागे आहेत हे विसरायला होत होतं. पोरीने बॅटही आत टाकली. तक्रारी तेवढ्या हातात राहिल्या.

समुद्रकिनाऱ्यावर मन मानेल तिथे तंबू ठोकायला आम्ही गेलो नव्हतो. ओळखीतून एका ईस्ट इंडियन कुटुंबाच्या वाडीत जागा मिळाली होती. ईस्ट इंडियन म्हणजे इथलेच, मराठी बोलणारे ख्रिस्ती. गोवा-मंगळूरकडून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, हे नाव घेतलं. मुंबईच्या पश्चिम टोकाला राहून नाव ईस्ट इंडियन, याचं दादाला फार हसू आलं. घरच्या आंटी ओट्यावर उभ्या होत्या. गाडी पाहून म्हणाल्या, "कवरा सामान गो बाय! र्‍हायला आलीस का काय?" आणि दहा लिटर पाण्याचा कॅन पाहून विहिरीकडे नुसतं बोट दाखवलं. मी दादाकडे पाहिलं. दादा तंबूची पुस्तिका वाचत होता.

दुपारी चारला किनारा. तंबूपासून समुद्र जेमतेम दोनशे पावलं, तरी चटया, थर्मास, क्रिकेट आणि कलिंगड असं सगळं गाडीत टाकलं. सुक्या वाळूत शिरल्याबरोबर गाडी बसली. बसली म्हणजे अक्षरशः. चाकं वितीएवढी उंच, दोन बोटं रुंद, कडक प्लास्टिकची. ओढली की फिरण्याऐवजी नांगरासारखी वाळू पुढे ढकलत जायची. मागून ढकललं तर तोंड आणखी खाली. थोडं तरी जमलं ते एकाच प्रकारे: सामान निम्मं करायचं, पुढची फिरती चाकं उचलून धरायची आणि मागच्या दोन चाकांवर उलटी ओढायची. तीस पावलांत दोघे घामाघूम.

पण तो पट्टा संपून ओली वाळू लागली आणि गाडी सुटली. ओहोटी लागली होती, समुद्र लांब गेला होता, मागे राहिलेली वाळू फरशीसारखी घट्ट. लेक आणि दादा गाडी घेऊन पाण्याच्या कडेने पार दूर खडकांपर्यंत धावत गेले.

वाळूसाठी फुग्यासारख्या रुंद चाकांच्या गाड्याही मिळतात. भार जास्त जागेवर पसरतो म्हणून त्या रुतत नाहीत. पण तसली चाकं घडीत मावत नाहीत, काढून वेगळी धरावी लागतात, आणि लोकलमध्ये चार फुगे धरून उभं राहायची माझी तयारी नाही. समुद्रावर रोज जाणाऱ्याने ती घ्यावीत. वर्षातून दोनदा जाणाऱ्याने सुक्या वाळूचे तीस-चाळीस पावलं सामान डोक्यावर न्यावं, हे माझं मत.

शनिवारची संध्याकाळ, जिची कल्पनाच नव्हती

परतलो तर वाडीत धांदल. आंटींच्या दिराच्या मुलाचं रविवारी लग्न, आणि आज उंबराचं पाणी. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी काढून आणतात आणि त्या पाण्याने नवऱ्यामुलाला न्हाऊ घालतात. आम्हाला आमंत्रण होतंच, पण त्याआधी आंटींचा डोळा आमच्या गाडीवर होता. बर्फाच्या लाद्या घेऊन आलेला टेम्पो गल्लीच्या तोंडाशी अडकला होता. आत येईना.

पुढचे दोन तास गाडी आमची राहिली नाही. गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या, थंड पेयांचे क्रेट, घडीच्या खुर्च्या, एक भलंमोठं पातेलं. गावठाणातल्या गल्ल्या मोटारीसाठी झालेल्याच नाहीत, पण दोन माणसं शेजारी चालतील एवढी जागा असली की ही गाडी जाते. बर्फ वितळून कापडाच्या तळातून पाणी गळत होतं आणि गाडीमागे अख्ख्या गल्लीभर ओली रेघ उमटत होती. ओहायोत दोन मोटारी मावणाऱ्या गॅरेजात राहणाऱ्या ट्रेलरचा मालक इथे क्रेट मोजत होता. घामेजलेला, खूश.

मग बँड आला. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ढोल. लाल लुगड्यातल्या बायका डोक्यावर घडे घेऊन पुढे, मागे आम्ही. विहिरीवर गाणी झाली, पाणी निघालं, परत येताना सगळेच नाचले. नवरा, जो आमच्या स्वतःच्या लग्नात नाचला नव्हता, तोही.

जेवायला फुगे. आंबवलेल्या पिठाचे, लिंबाएवढे, तळलेले, बाहेरून तांबूस आणि आत पोकळ. सोबत बाटली मसाल्यातलं चिकन. हा मसाला उन्हाळ्यात कुटून काळपट बियरच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून हे नाव. त्यात काय काय पडतं ते मी आंटींना विचारलं. त्यांनी मोजायला सुरुवात केली, पंधराव्या जिनसाला कोणीतरी हाक मारली आणि त्या गेल्या. मी सतरा फुगे खाल्ले. लेकीने मोजले, मी नाही.

आणि मग ते झालं. चार पोरं गाडीत बसली, पाचवं ओढायला लागलं. ओरडेपर्यंत गाडी उंबऱ्यासारख्या एका दगडावरून उतरली, कट असा आवाज आला, आणि पुढचं डावं चाक एकटंच घरंगळत बँडवाल्यांच्या पायाशी जाऊन पडलं. पोरांना खरचटलंही नाही. आसाच्या टोकाला चाक अडवणारी पिन असते, आगपेटीच्या काडीएवढी, ती तुटली होती. ८० किलोच्या गाडीचा सगळा भरवसा त्या काडीवर. खोक्यात जादा पिन नव्हती. तुम्ही अशी गाडी घ्याल तेव्हा पहिल्याच दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून चार स्प्लिट पिना घेऊन ठेवा, फार महाग नसतात. आणि लेकरांना आत बसवू नका. हे मी लिहितेय खरी, पण त्या चौघांना उतरवणं तुम्हालाही जमलं नसतं.

रात्री तंबूत चांगलीच थंडी होती. मुंबईत दोन चादरी लागल्या, हे दादाने ओहायोला फोन करून सांगितलं.

रविवार: खिळा आणि ओहोटी

सकाळी होडीवरचा एक तरुण खलाशी चहाला आला होता. त्याने चाक पाहिलं, आसाच्या भोकात करंगळीचं नख घालून अंदाज घेतला आणि घरामागून एक गंजका खिळा आणला. भोकातून आरपार घातला, दगडावर ठेवून हातोडीचे तीन ठोके दिले. दोन्ही टोकं आसाभोवती मिशीसारखी वळली. मग चाक फिरवून पाहिलं, कानाशी नेलं, उरलेल्या खेळासाठी टायरच्या ट्यूबची एक चकती कापून मधे बसवली. आता ते चाक बाकी तिघांपेक्षा कमी आवाज करतं. पैसे विचारले तर म्हणाला, काल बर्फ आणलात ना.

लग्न चर्चमध्ये दहाला लागलं. आम्ही मागच्या बाकावर बसलो, केक खाल्ला आणि दुपारी तंबू गुंडाळला. एक सांगायचं राहिलं: समुद्राच्या पाण्यातून गाडी नेली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा आणि आसांवर तेल सोडा. आम्ही आंटींच्या विहिरीवर धुतली, तरी दोन ठिकाणी गंजाचे ठिपके आलेच.

निघायला साडेपाच. चूक माझी. पौर्णिमा होती, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे साडेपाचला पूर्ण ओहोटी. जाताना हिशेब केला होता, येताना सतरा फुग्यांनंतर कोण करतो? होडी खाली, पार खाली, आणि तिच्यापर्यंत हिरव्या शेवाळाचा चिखलट उतार. या गाडीला ब्रेक नाही. दादाने दांडा धरला, दोन पावलं टाकली आणि गाडीच दादाला घेऊन निघाली. दादा बसला, गाडी त्याच्या पाठीला टेकून थांबली. साठ टक्के वजन पुढे ठेवल्याचा परिणाम.

मग तंबूचा दोर मागच्या पाइपला बांधला, मी आणि नवऱ्याने वरून धरला आणि इंच इंच सोडत गाडी खाली नेली. होडीतले सगळे आमच्याकडे पाहत होते. एका म्हाताऱ्या कोळणीने टोपली डोक्यावर, हात मोकळे, अशी आम्हाला ओलांडून सहज उतरून दाखवली. वळून म्हणाली, "बांधून खाली सोडतव का देवाला?"

मार्वेला चढताना गाडी घडी केली आणि पिशव्या हातात घेतल्या. मनोरीला खाली उतरतानाही तेच करायला हवं होतं.

नंतर

दादा गेला. गाडी आमच्या दारामागे, छत्र्या आणि झाडूच्या मधे, उभी असते आणि वीतभरच जागा खाते. आठवड्यातून दोनदा बाजाराला जाते. खालच्या मजल्यावरचे काका पाण्याचे जार आणायला मागून नेतात, गणपतीवाल्यांनी ऑगस्टसाठी आत्ताच शब्द टाकून ठेवलाय. आई आता तिला बाबागाडी म्हणत नाहीत, मनोरी म्हणतात. "मनोरी घेऊन जा गं, तांदूळ संपलेत."

खिळा अजून तोच आहे. पिना आणून डब्यात ठेवल्यात, बदलायचा धीर होत नाही. घडीच्या कापडातून मात्र अजूनही वाळू झडते, कितीही झटका. परवा मेथीच्या भाजीत कचकच लागली. ती मेथीची होती की मनोरीची, यावरून घरात अजून दोन तट आहेत.